टेराफॉर्म शिकतोयस? आधी एवढंच कर

ऐरोलीत नोकरी लागली, अभिनंदन! टेराफॉर्म म्हणजे सर्व्हर वगैरे कोड लिहून उभे करायचं साधन. कुबरनेटीसच्या (अनेक सर्व्हरांवर अ‍ॅप्स चालवणारी प्रणाली) मागे आत्ताच लागू नकोस. एकच सर्व्हर टेराफॉर्मने उभा कर, पाड, पुन्हा उभा कर. एडब्ल्यूएसचा (अ‍ॅमेझॉनची क्लाउड सेवा) मुंबई रीजन, म्हणजे तिथल्या डेटा सेंटरांचा गट, २०१६पासून आहे, तोच घे. तेच सेटअप हवं तेव्हा हुबेहूब उभं राहतं, कंपनीचे पैसे त्यानेच वाचतात.

नवखे हमखास इथे चुकतात:

- कन्सोलमध्ये (एडब्ल्यूएसच्या वेबपानावर) हाताने बदल. पुढच्या 'अप्लाय'ला (कोडप्रमाणे बदल लागू करणारी आज्ञा) तो पुसला जाऊ शकतो.
- स्टेट फाइल (काय काय उभं केलंय याची टेराफॉर्मची नोंद) गिटमध्ये, म्हणजे कोडच्या साठ्यात टाकणं. त्यात पासवर्ड उघडे पडलेले असू शकतात! टीमसाठी ती एस-थ्रीसारख्या (एडब्ल्यूएसची फाइल साठवायची सेवा) ठिकाणी, लॉकिंग लावून ठेव, म्हणजे एका वेळी एकालाच बदल करता येतो.
- 'प्लॅन' (काय काय बदलणार याची यादी) न वाचता 'अप्लाय'. डेटाबेससमोर 'रिप्लेस' (पाडून नवा उभा करणं) दिसलं तर हात आवर, डेटासुद्धा जाईल.

सराव संपला की 'डिस्ट्रॉय', म्हणजे उभं केलेलं सगळं पाड. आणि बिलाचा अलर्ट आजच लाव, बाकी सगळं उद्या.