गावच्या वाचनालयात काम करताना ट्रेनिंग कुठे घ्यायचं, आणि लोक कसे आणायचे?

नोकरी सांभाळून शिकायचं तर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचा ग्रंथालयशास्त्राचा कोर्स बघा, आणि वाचनालयातल्या पुस्तकांची नोंद आणि देवघेव कॉम्प्युटरवर ठेवायचं कोहा हे सॉफ्टवेअर फुकट आहे ते शिकून घ्या. पण खरं काम लोकांत मिसळूनच येतं हो. पावसात मासेमारी बंद असते, होड्या वर ओढलेल्या असतात, तेव्हा संध्याकाळी पुस्तकांची पेटी घेऊन बंदरावर जा, कोणाला सरकारी फॉर्म भरून द्या, पोरांना गोष्टी वाचून दाखवा, बघा कसे जमतात ते. गणपतीत चाकरमानी आले की त्यांच्याकडे वाचनालयासाठी पुस्तकं मागा. १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन फोटोपुरता नको. आणि रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ पासूनचं आहे, तिथलं काम एकदा बघून याच, एसटीचं भाडं कमिटीने द्यायलाच पाहिजे असं माझं स्पष्ट मत.