महाविद्यालयीन विद्यार्थी शिक्षणात किती समरस झाले आहेत, हे कसे मोजतात?

नुसत्या हजेरीवरून हे कळत नाही. हजेरीपटावर नाव असलेला विद्यार्थी मनाने वर्गाबाहेर असू शकतो. अमेरिकेत इंडियाना विद्यापीठातून 2000 सालापासून चालणारे 'नॅशनल सर्व्हे ऑफ स्टुडंट एंगेजमेंट' (संक्षेप NSSE, उच्चार 'नेसी') हे सर्वेक्षण अशा मोजमापाचे सर्वांत परिचित उदाहरण आहे. चार वर्षांच्या पदवी अभ्यासक्रमातील पहिल्या आणि शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना त्यात समाधानापेक्षा मुख्यतः प्रत्यक्ष वर्तनाविषयी विचारतात: वर्गात प्रश्न किती वेळा विचारलेत, निबंधाचा कच्चा खर्डा पुन्हा लिहून काढलात का, आठवड्यातले किती तास अभ्यासाला दिलेत. 2013 मध्ये प्रश्नावली सुधारल्यावर उत्तरांवरून दहा निर्देशांक काढले जाऊ लागले, आणि त्यांत प्राध्यापकांशी होणारा संवाद व सहाध्यायांबरोबरचे शिकणे यांनाही स्थान आहे.

माझ्या मते यातील खरी अडचण स्वकथनाची आहे, कारण 'अनेकदा' या शब्दाचा अर्थ प्रत्येकाच्या लेखी वेगळा असतो आणि महिन्यांपूर्वीचे तास कोणालाच नेमके आठवत नाहीत. शिवाय प्रश्नावली भरून देणारे विद्यार्थी बहुधा आधीपासूनच अधिक उत्साही असतात. त्यामुळे या आकड्यांवरून महाविद्यालयांची क्रमवारी लावू नये. एकाच संस्थेतील विभागांची किंवा वर्षांची तुलना करण्यासाठी मात्र ते उपयोगी पडतात.