हेलोवीन : भांडण गायकाचे, कारण वेगळेच

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : ‘कीपर ऑफ द सेव्हन कीज’ या अल्बमचे दोन्ही भाग ऐकून आपण हेलोवीन या जर्मन हेवी मेटल बँडच्या प्रेमात पडलात. पुढे काय ऐकावे असे विचारल्यावर एकाने सांगितले की गायक मायकल किस्के गेला तिथेच हा बँड संपला, दुसऱ्याने सांगितले की त्याच्या जागी आलेल्या आंडी डेरिसनेच तो वाचवला, आणि तिसऱ्याने तर सुरुवातीला गिटारवादक काई हॅन्सेन स्वतः गात होता तोच खरा हेलोवीन, असा निकाल देऊन टाकला. आता ऐकायचे काय आणि मानायचे कोणाचे?

माझे मत सुरुवातीलाच सांगतो. हे तिन्ही पक्ष गायकावरून भांडतात, पण त्यांना जे खुपते ते बहुतेक वेळा गायकामुळे घडलेले नाही. अल्बमच्या वेष्टनावर प्रत्येक गाण्यापुढे ते रचणाऱ्याचे नाव छापलेले असते. ती नावे वाचत अल्बम ऐकले, तर चाहत्यांचा राग आणि आनंद कुठून येतो याचा बराचसा उलगडा होतो. संगीत नाटकात गायकनट बदलला की प्रेक्षक हळहळत, पण पदे तीच राहत. हेलोवीनमध्ये मात्र पदे रचणारेच पुन्हा पुन्हा बदलत गेले आणि दोष गाणाऱ्याच्या माथी बसला.

हा बँड 1984 मध्ये हॅम्बुर्गमध्ये उभा राहिला. हॅन्सेन आणि मायकल वाइकाथ गिटारवर, मार्कुस ग्रॉसकॉफ बेसवर आणि इंगो श्विख्टेनबर्ग ड्रम्सवर होता. 1985 च्या ‘वॉल्स ऑफ जेरिको’मध्ये हॅन्सेन गिटार वाजवत गातो. त्याचा आवाज चिरका आहे आणि वरच्या स्वरांत तो अक्षरशः ओरडतो, पण त्या सुसाट, काहीशा ओबडधोबड गाण्यांना तो शोभतो. मंचावर इतकी अवघड गिटार वाजवता वाजवता गाणे त्याला जड जाऊ लागले, म्हणून स्वतंत्र गायकाचा शोध सुरू झाला आणि जेमतेम अठरा वर्षांचा किस्के आला. तार सप्तकात न चिरकणारा, भरलेला आणि स्वच्छ असा तो आवाज होता. पुढे युरोपातील कित्येक पॉवर मेटल (वेगवान पण सुरेल मेटल) बँडनी गायक निवडताना तोच नमुना समोर ठेवला असावा, असे त्यांचे अल्बम ऐकताना सतत वाटत राहते.

आता 1987 चा ‘कीपर’चा पहिला भाग हातात घ्या. ‘आय अ‍ॅम अलाइव्ह’, ‘ट्वायलाइट ऑफ द गॉड्स’, ‘फ्यूचर वर्ल्ड’ आणि तेरा मिनिटांचे ‘हॅलोवीन’ ही सगळी हॅन्सेनची गाणी आहेत. वाइकाथने एकट्याने रचलेले त्यात एकच गाणे आहे. 1988 च्या दुसऱ्या भागात पारडे फिरते. ‘ईगल फ्लाय फ्री’, ‘डॉक्टर स्टाइन’ आणि लांबलचक शीर्षकगीत वाइकाथचे आहे, तर ‘मार्च ऑफ टाइम’ आणि ‘आय वाँट आउट’ हॅन्सेनची. म्हणजे ज्या दोन अल्बमना आपण एका दमात ‘किस्केचा काळ’ म्हणतो, ते मुळात दोन वेगळ्या वळणाच्या गिटारवादकांच्या चढाओढीतून तयार झाले. किस्केने त्या चढाओढीला आवाज दिला आणि स्वतःची काही गाणीही दिली, परंतु ‘यू ऑलवेज वॉक अलोन’ कोणाला सगळ्यात प्रिय आहे, असे निदान माझ्या तरी ऐकण्यात नाही.

दुसऱ्या भागानंतर हॅन्सेन बाहेर पडला, त्याने गामा रे हा बँड काढला आणि हेलोवीनमध्ये त्याच्या जागी रोलांड ग्रापो आला. नॉइज ही जुनी रेकॉर्ड कंपनी सोडून ईएमआय या दुसऱ्या कंपनीकडे जाताना न्यायालयीन वाद झाले आणि पुढचा अल्बम रखडला. अखेर 1991 मध्ये ‘पिंक बबल्स गो एप’ आणि 1993 मध्ये ‘कमिलियन’ आला. गायक तोच होता आणि आवाज कदाचित आधीपेक्षाही परिपक्व झाला होता, तरीही चाहते खवळले. ‘कमिलियन’मधील बारा गाण्यांपैकी वाइकाथ, किस्के आणि ग्रापो यांची प्रत्येकी चार आहेत, आणि तिघांनी तीन वेगळ्या खोल्यांत बसून तीन वेगळे अल्बम केल्यासारखा त्याचा परिणाम होतो. त्यात ब्रास वाद्ये आहेत, अकूस्टिक गिटार आहे, पॉपच्या अंगाने जाणारी गाणी आहेत. नाही ते फक्त जुने मेटल. किस्केचा आवाज हाच हेलोवीनचा आत्मा असता तर हा अल्बम डोक्यावर घेतला गेला असता. ‘किस्केशिवाय हेलोवीन नाही’ म्हणणाऱ्यांना मी नेहमी हेच विचारतो आणि समाधानकारक उत्तर अजून मिळालेले नाही.

त्यानंतर किस्केला बँडमधून काढण्यात आले, ईएमआयशी असलेले नाते तुटले, आणि आजाराने व व्यसनाने ग्रासलेल्या इंगोलाही जावे लागले. 1995 मध्ये त्याने आयुष्य संपवले. हेलोवीनने ‘द टाइम ऑफ द ओथ’ हा 1996 चा अल्बम त्याला अर्पण केला, आणि त्याआधी गामा रेच्या ‘लँड ऑफ द फ्री’मध्येही त्याच्या स्मरणार्थ एक गाणे आले होते.

पिंक क्रीम 69 या बँडमधून डेरिस आला तो या पडझडीत. त्याचा आवाज खरखरीत, हार्ड रॉकच्या वळणाचा आणि मधल्या सप्तकात रमणारा आहे. किस्केची नक्कल त्याने केली नाही, हे त्याचे मोठे शहाणपण. त्याहून महत्त्वाचे म्हणजे तो गाणी रचणारा होता. 1994 च्या ‘मास्टर ऑफ द रिंग्ज’मधील ‘व्हेअर द रेन ग्रोज’ त्याने वाइकाथबरोबर रचले, ‘व्हाय?’ त्याने स्वतः रचले, आणि पुढच्या अल्बममधील ‘फॉरएव्हर अँड वन’ हे त्याचे गाणे तर किस्केपंथीयसुद्धा चोरून ऐकतात. याच ‘मास्टर’मध्ये ग्रापोने किस्केला उद्देशून ‘मिस्टर इगो’ नावाचे सात मिनिटांचे गाणे लिहिले. घरचे भांडण असे चव्हाट्यावर मांडण्याची गरज नव्हती असे मला वाटते, पण गाणे म्हणून ते भक्कम आहे.

किस्केच्या बाजूने एक तक्रार मात्र मी खरी मानतो. कार्यक्रमात डेरिसला ‘ईगल फ्लाय फ्री’ किंवा ‘डॉक्टर स्टाइन’ गावे लागे. 1996 च्या ‘हाय लाइव्ह’मध्ये ही गाणी ऐका; तो मनापासून गातो, पण जिथे किस्के सहज पोहोचतो तिथे त्याची दमछाक होते. ज्यांनी पैसे मोजून ती गाणी प्रत्यक्ष ऐकली, त्यांची नाराजी समजण्यासारखी होती. परंतु ती नाराजी डेरिसच्या स्वतःच्या गाण्यांवर काढणे अन्यायाचे होते, कारण ती त्याच्या पट्टीत, त्याच्या आवाजासाठी रचलेली होती. कव्हर गाण्यांचा (म्हणजे इतरांच्या गाण्यांचा) आणि स्वतःच्या जुन्या गाण्यांच्या नव्या मांडणीचा अल्बम सोडला, तर 1994 ते 2015 या काळात त्याच्या आवाजात दहा अल्बम आले. किस्केचे जाण्यापूर्वीचे चारच.

गायक न बदलताही चाहते कसे दुभंगतात याचे दुसरे उदाहरण म्हणजे 2000 चा ‘द डार्क राइड’. गिटारी खालच्या सुरात लावलेल्या, एकूण रंग काळवंडलेला, आणि बँडमध्येच त्यावरून दोन तट पडलेले. थोड्याच काळात ग्रापो आणि ड्रमर उली कुश बाहेर पडले आणि त्यांनी मास्टरप्लॅन हा बँड उभा केला. तेव्हा नावे ठेवलेला हा अल्बम आज बरेच जण वरच्या क्रमांकावर ठेवतात, आणि मीही ठेवतो. याउलट 2005 मध्ये ‘कीपर’चे नाव पुन्हा वापरून दुहेरी अल्बम काढणे ही निव्वळ आगळीक होती. त्यातले ‘द किंग फॉर अ थाउजंड इयर्स’ दुसऱ्या कोणत्याही नावाखाली आले असते तर त्याचे कौतुकच झाले असते.

गामा रेचे उदाहरण तर याहून स्पष्ट आहे. तिथे राल्फ शीपर्स हा दमदार गायक गेला, हॅन्सेन पुन्हा स्वतः गाऊ लागला, आणि 1995 मध्ये ‘लँड ऑफ द फ्री’ आला, ज्याला बहुतेक चाहते त्या बँडचा सर्वोत्तम अल्बम मानतात. आवाजाच्या दृष्टीने तो बदल उतरणीचाच होता, पण गाणी रचणारा जागेवर होता.

किस्के मधल्या काळात मेटलपासून इतका दूर गेला की 2001 मध्ये अवांतासिया या मेटल प्रकल्पाच्या पहिल्या अल्बममध्ये त्याने ‘अर्नी’ या टोपणनावाने गाणे पसंत केले. त्यामुळे 2017 मध्ये ‘पंपकिन्स युनायटेड’ दौऱ्यावर तो आणि हॅन्सेन परतले, तेव्हा अनेकांचा विश्वास बसेना. कोणालाही न वगळता सात जणांचा बँड करण्याचा तो निर्णय मला या इतिहासातला सर्वांत सुज्ञ निर्णय वाटतो. जवळजवळ तीन तासांच्या त्या कार्यक्रमांत ‘जेरिको’ची गाणी हॅन्सेन गाई, ‘कीपर’ची मुख्यतः किस्के गाई, डेरिस आपली गाई, आणि ‘फॉरएव्हर अँड वन’ किस्के व डेरिस एकत्र गात. 2021 च्या ‘हेलोवीन’ या अल्बमसाठी ड्रमर डानी लोब्लेने इंगोचाच ड्रम संच वापरला, आणि तो अल्बम जर्मनीत पहिल्या क्रमांकावर पोहोचला. त्यातील हॅन्सेनचे बारा मिनिटांचे ‘स्कायफॉल’ तिन्ही आवाज एकत्र आणते, आणि कोणी कोणाची जागा घेतल्यासारखे ते एकदाही वाटत नाही.

तेव्हा आपण पुढे ‘मास्टर ऑफ द रिंग्ज’ ऐकावा, मग ‘द टाइम ऑफ द ओथ’ आणि 1998 चा ‘बेटर दॅन रॉ’. आवाजाला कान रुळले की ‘द डार्क राइड’ आणि 2007 चा ‘गॅम्बलिंग विथ द डेव्हिल’ घ्यावा, त्यानंतर मागे वळून ‘वॉल्स ऑफ जेरिको’, आणि मगच 2021 चा अल्बम, म्हणजे ‘स्कायफॉल’मध्ये कोणाचा आवाज कुठून कुठे जातो ते ओळखता येईल. ‘कमिलियन’ सर्वांत शेवटी ठेवावा आणि सलग न ऐकता तिघांची चार-चार गाणी वेगवेगळी लावावीत. किस्केची चार आपल्याला आवडतील, असा माझा अंदाज आहे.