टेबलावर चालतं, विहिरीवर अडतं: युनो आणि ईएसपी३२ मधली सिरीयल जोडणी

प्रश्न सविस्तर लिहिलास ते बरं केलंस. बाकीच्यांना संदर्भ लागेल म्हणून थोडक्यात मांडतो. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात उसाच्या मळ्यातल्या विहिरीवर ५ एचपीची मोटर, स्टार्टरच्या पेटीशेजारी पाण्याची पातळी आणि करंट मोजणारा युनो (आर्डुइनोचा छोटा प्रोग्राम करता येणारा बोर्ड), घरात वायफायजवळ ईएसपी३२ (वायफाय असलेला तसाच बोर्ड) आणि दोघांच्या मधे दीडशे फूट टेलिफोनची वायर. युनोवर पिन २ आणि ३ वर सॉफ्टवेअरसिरियल (साध्या पिनवरून सिरीयल चालवणारी लायब्ररी), वेग सेकंदाला ११५२०० बिट. युनोच्या टीएक्सला (पाठवणाऱ्या पिनला) ५ चे ३.३ व्होल्ट करणारा १०के-२०केचा डिव्हायडर, तोही विहिरीकडच्या पेटीत. टेबलावर पातळीचा आकडा बरोबर येतो, करंटचा कायम भलताच, मधूनच उलटी प्रश्नचिन्हं. विहिरीवर नेल्यावर नुसता कचरा. आणि मोटर चालू असताना घरून दिलेला ‘बंद’चा आदेश पोचतच नाही.

तू डिप्लोमाला आहेस म्हणून अरे-तुरे करतोय, राग मानू नकोस. मी बेळगावच्या उद्यमबागेत कंट्रोल पॅनेलच्या कामात आहे, त्यामुळे मोटर चालू-बंद करणाऱ्या काँटॅक्टरशेजारी बसवलेल्या बोर्डांच्या तक्रारी माझ्याकडे नेहमी येतात.

आधी त्या ‘बंद’बद्दल, कारण ते सगळ्यांत धोक्याचं आहे. मोटर थांबवण्याचं काम दीडशे फूट वायरच्या भरवशावर ठेवू नकोस. वायर तुटली, ईएसपी अडकला, घरची लाइट गेली, काहीही झालं तरी विहिरीवरच्या युनोने स्वतःच्या अकलेने मोटर बंद केली पाहिजे. घरून दर दोन सेकंदांनी ‘मी आहे’ असा छोटा संदेश येऊ दे, आणि दहा सेकंद तो आला नाही की युनोने रिले सोडून मोटर बंद करावी. पाण्याची पातळी तळाला गेली तर घरून परवानगीची वाट न पाहता थांबवावं. युनोचा वॉचडॉगही चालू ठेव, म्हणजे प्रोग्राम अडकला तर बोर्ड आपोआप पुन्हा सुरू होईल. स्टार्टरचा ओव्हरलोड आणि हाताचं लाल बटण आहे तसंच राहू दे, त्याला बायपास करायचं नाही. हे होईपर्यंत ती यंत्रणा मोटरला जोडू नकोस, रिलेच्या जागी एक एलईडी लाव आणि त्यावर सगळं तपास.

आता दोष. एकच बिघाड शोधतोयस म्हणून तू गोंधळलायस. तुझ्या वर्णनात किमान तीन वेगवेगळे बिघाड आहेत आणि ते एकमेकांवर चढलेत. वेग बदलून पाहिला, लायब्ररी बदलून पाहिली, वायर उलटसुलट करून पाहिली, हे सगळं एकाच संध्याकाळी केलं की कुठल्या बदलाने काय झालं ते कुणालाच सांगता येत नाही.

सगळ्यांत सोपा करंटचा आकडा. कायम एकाच पद्धतीने चुकणारा आकडा वायरमुळे चुकत नाही, वायरचा दोष दर वेळी वेगळा दिसतो. तू स्ट्रक्चर (एकत्र बांधलेले आकडे) जसंच्या तसं पाठवतोयस: एक बाइट पातळी, मग फ्लोटमध्ये करंट. युनोवर त्याचे ५ बाइट होतात. ईएसपी३२ वर फ्लोट चाराच्या पटीतल्या जागेवर सुरू व्हावा म्हणून कंपायलर मधे ३ रिकामे बाइट घालतो आणि तेच स्ट्रक्चर ८ बाइटचं होतं. पहिला बाइट दोन्हीकडे पहिलाच, म्हणून पातळी बरोबर. करंट मात्र तो भलत्या जागेवरून उचलतो. शिवाय ८ बाइट येण्याची वाट पाहत रीडबाइट्स १ सेकंद, म्हणजे ठरलेली मुदत संपेपर्यंत, अडून बसतं. पुढे इंट वापरशील तर तिथेही हाच फास आहे: युनोवर इंट २ बाइटचा, ईएसपी३२ वर ४ चा. डबल युनोवर ४, तिकडे ८. स्ट्रक्चर पॅक करून आणि आकार नेमके सांगणारे प्रकार वापरून हे सुटतं, पण माझं मत विचारशील तर साध्या मजकुराची ओळ पाठव. सुरुवातीची खूण, पातळी, स्वल्पविराम, करंट, चेकसम (ओळ शाबूत आली का ते तपासायची बेरीज), शेवटची खूण. बाइट थोडे जास्त जातील, पण बिघाडाच्या दिवशी मॉनिटर उघडून डोळ्यांनी वाचता येईल. चेकसम जुळला नाही तर ती ओळ सरळ फेकून द्यायची, अर्धवट आकडा वापरायचा नाही. आणि प्रिंटएलएनने पाठवलेल्या ओळीच्या शेवटी दोन अदृश्य अक्षरं जातात, ती न छाटता आदेशाशी तुलना केली की ती कधीच जुळत नाही. ट्रिम करायला विसरू नकोस.

दुसरा बिघाड वेगाचा. युनोवर सॉफ्टवेअरसिरियलला ११५२०० हा वेग झेपत नाही. पाठवताना कदाचित निभावेल, घेताना नाही, कारण प्रत्येक बिट प्रोसेसर स्वतः वेळ मोजून वाचतो. ११५२०० ला एक बिट ८.७ मायक्रोसेकंदांचा, ९६०० ला १०४ चा. मधे टायमरचा इंटरप्ट आला तरी ९६०० ला फारसा फरक पडत नाही, ११५२०० ला अक्षर बिघडतं. तुझी टेबलावरची उलटी प्रश्नचिन्हं इथली. हार्डवेअर सिरीयल (पिन ०-१) वापरली तरी १६ मेगाहर्ट्झच्या युनोला ११५२०० अचूक बनवता येत नाही, तो सुमारे २.१ टक्के पुढे पळतो. ९६०० ला चूक ०.२ टक्क्यांच्या आत. तुला पाच सेकंदांतून एकदा वीस-पंचवीस अक्षरं पाठवायची आहेत, ९६०० ला एक अक्षर सुमारे १ मिलिसेकंदात जातं. घाई कसली?

एक लक्षात ठेव, युनोचा घेण्याचा बफर ६४ बाइटचा. लूपमध्ये मोठा डिले टाकलास तर ९६०० लासुद्धा तो ६७ मिलिसेकंदांत भरू शकतो आणि पुढचं सगळं सांडतं. लूप थांबवून ठेवणारा डिले काढ, वेळ मोजायला मिलिस वापर.

तिसरा बिघाड वायरचा, तो जरा खोलात जाऊन सांगतो. साध्या वायरची आपसातली कपॅसिटन्स ढोबळ मानाने मीटरला ५० पिकोफॅरड धर. दीडशे फूट म्हणजे ४५ मीटर, म्हणजे दोन हजारांवर पिकोफॅरड. तुझा १०के-२०केचा डिव्हायडर वायरच्या सुरुवातीला आहे, त्याचा परिणामी रोध ६.७के. दोन्हींचा गुणाकार सुमारे १५ मायक्रोसेकंद. वायरवरचा व्होल्टेज चढायलाच इतका वेळ लागतो आणि तुझा बिट आहे ८.७ चा. तो पूर्ण चढायच्या आत संपतो. टेबलावर वितीएवढ्या वायरीवर हे दिसत नाही. १के-२के घेतलास तर दीड मायक्रोसेकंदावर येईल, पण तेवढ्याने विहिरीवरचं काम होणार नाही.

कारण उलटी दिशा आणखी नाजूक आहे. ईएसपी३२ चा ‘हाय’ ३.३ व्होल्ट. ५ व्होल्टवर चालणारा युनो ३ व्होल्टच्या वर गेल्याशिवाय ‘हाय’ची खात्री देत नाही. म्हणजे हाताशी फक्त ०.३ व्होल्ट. मोटर सुरू होताना आणि काँटॅक्टर सुटताना त्या वायरवर कितीतरी जास्त चढतं, त्यात तुझी वायर मोटरच्या केबलला बांधून नेलेली. म्हणून तुझे आदेश आधी मरतात आणि विहिरीकडून काहीतरी येत राहतं. युनोचा जीएनडी (शून्य व्होल्टची बाजू) लोखंडी पेटीला अर्थिंग म्हणून जोडला आहेस, तोही काढ. पेटीला तिचं वेगळं अर्थिंग हवंच, पण ते युनोच्या जीएनडीशी जुळायला नको.

यावर तोडगा आरएस-४८५. त्यात एका वायरच्या व्होल्टेजऐवजी ए आणि बी या दोन वायरींमधला फरक वाचतात, त्यामुळे दोन्हींवर सारखाच चढलेला गोंगाट वजा होतो. कमी वेगाला १२०० मीटरपर्यंत जाणारी पद्धत आहे ही, तुझे ४५ मीटर तिला काहीच नाहीत. युनोकडे मॅक्स४८५ चं मॉड्यूल चालेल. ईएसपीकडे मात्र ३.३ व्होल्टचं, मॅक्स३४८५ वालं घे. ५ व्होल्टचं लावलंस तर त्याच्या आरओ (आलेलं बोर्डाला देणाऱ्या) पिनवरून ईएसपीच्या अंगावर ५ व्होल्ट येतात आणि त्याची सहनशक्ती ३.६ पर्यंतच. ईएसपी३२ वर यूएआरटी-२ (तिथली एक हार्डवेअर सिरीयल) चे १६ आणि १७ पिन वापर, पण तुझं मॉड्यूल रोव्हर जातीचं असेल तर ते पिन आतल्या मेमरीत गुंतलेले असतात, दुसरे निवड. पिन ९ आणि १० आतल्या फ्लॅशला जोडलेले आहेत, त्यांना हात लावू नकोस.

आरएस-४८५ लावल्यावर बहुतेकांचं घोडं एकाच ठिकाणी अडतं: शेवटचं अक्षर तुटतं. पाठवून झालं असं समजून प्रोग्राम डीई पिन (मॉड्यूलला पाठवण्याच्या स्थितीत ठेवणारा) लगेच खाली आणतो, पण अक्षरं अजून बफरमध्ये असतात. हार्डवेअर सिरीयल असेल तर प्रिंटनंतर फ्लश, आणि मगच डीई खाली. सॉफ्टवेअरसिरियल अक्षर पूर्ण गेल्यावरच परत येते, तिथे हा प्रश्न नाही. पाठवताना ती काही ऐकत नाही हेही इथे चालून जातं, कारण या जोडणीत एका वेळी एकानेच बोलायचं असतं. घरच्याने विचारायचं, विहिरीवरच्याने उत्तर द्यायचं. दोघांनी आपापल्या मनाने बोलायचं नाही.

दोन टोकांना ए आणि बी मधे १२० ओहमचा रोध लागतो, बऱ्याच मॉड्यूलवर तो आधीच असतो, मीटरने बघून घे. तो लावल्यावर कुणीच बोलत नसताना ए आणि बी मधला फरक जवळजवळ शून्य होतो आणि रिसीव्हर मनाला येईल ती अक्षरं दाखवतो. म्हणून विहिरीकडच्या टोकाला ए वरून ५ व्होल्टला ५६० ओहम आणि बी वरून जीएनडीला ५६० ओहम लाव. पाव व्होल्ट फरक टिकतो, तो पुरतो. ए-बी ची नावं सगळे उत्पादक सारखी देत नाहीत, कचरा आला तर दोन्ही वायरी अदलाबदल करून पाहा, काही जळत नाही.

वायर पिळाची हवी. नेटवर्कची कॅट५ घेतलीस तर एक जोडी ए-बी ला आणि दुसऱ्या जोडीतली एक वायर जीएनडीला. मोटरच्या केबलपासून फूटभर तरी लांब ने, ओलांडायचीच असेल तर काटकोनात. काँटॅक्टरच्या कॉइलवर तिच्या व्होल्टेजचा तयार सर्ज सप्रेसर वायरमनकडून बसवून घे. ४१५ व्होल्टच्या पेटीत तू स्वतः हात घालू नकोस, घातलाच तर मेन उतरवून, किटकॅट (फ्यूज) खिशात ठेवून आणि टेस्टरने तीनही फेज पाहून.

तपासणीचा क्रम असा ठेव. आधी ईएसपी३२ चा टीएक्स त्याच्याच आरएक्सला (घेणाऱ्या पिनला) जोड. पाठवलेलं परत आलं तर बोर्ड आणि पिन शाबूत, वेगाची परीक्षा मात्र यात होत नाही. युनोवर सॉफ्टवेअरसिरियल पाठवताना ऐकत नाही, म्हणून तिथे ही चाचणी चालणार नाही. मग आखूड वायरीवर दोन्ही बोर्ड. मग, हे फार कमी लोक करतात, दीडशे फुटांचं पूर्ण वेटोळं टेबलावरच ठेवून त्यातून बोलवून बघ. तिथे बिघडलं तर विहिरीचा आणि मोटरचा काही संबंध नाही, हे घरबसल्या कळतं. मग वायर जागेवर टाकून, थ्री फेज नसतानाच्या वेळेत, युनो पॉवर बँकेवर. आपल्याकडे मळ्यातला थ्री फेज पाळीने येतो ते इथे कामाला येतं, गोंगाट नसलेली वेळ आयती मिळते. मग नुसता काँटॅक्टर, आणि शेवटी मोटर. ज्या पायरीवर बिघडेल, दोष त्या पायरीत नव्याने आलेल्या गोष्टीत.

लॉजिक अनॅलायझर नसेल तर साधा मीटरही बरंच सांगतो. काही पाठवत नसताना युनोच्या टीएक्सवर ५ व्होल्ट दिसले पाहिजेत, ईएसपीच्या टीएक्सवर ३.३. आता इंग्रजी कॅपिटल यू हे अक्षर न थांबता पाठव. त्याचे बिट एक-शून्य-एक-शून्य असे आळीपाळीने जातात, म्हणून मीटर बरोबर निम्मं दाखवतो, २.५ किंवा १.६५. मीटर फक्त सरासरी सांगतो, कडा कशा बिघडल्यात ते नाही. पण वायर तुटली आहे, पिन चुकला आहे की बोर्ड गप्प आहे, हे त्यातून ठरतं. आणि पिन ०-१ ला काही जोडलेलं असताना युनोवर अपलोड होत नाही, तेव्हा ते काढून अपलोड कर.

पावसाचं राहिलं. जांबोटी-कणकुंबीकडचा पाऊस तुला मी काय सांगावा. पेटीत दमट हवा कोंडली की स्क्रूच्या टर्मिनलवर हिरवट थर चढतो आणि जून-जुलैत संपर्क तुटायला लागतो. वायरी पेटीच्या खालून आत घे, वरून नाही. भोकं ग्लँडने बंद कर, नाहीतर मुंग्या आणि पाली आत जातात. वळवाच्या विजांसाठी दोन्ही टोकांना एसएम७१२ हा टीव्हीएस (उसळलेला व्होल्टेज गिळणारा) डायोड ए-बी वर लाव, तो आरएस-४८५ साठीच बनवलेला आहे. खिशाला परवडलं तर विहिरीकडे आयसोलेटेड (दोन्ही बाजू विजेने वेगळ्या ठेवणारं) मॉड्यूल घे, घर आणि विहीर यांच्या जमिनीतला फरक त्याने निकालात निघतो. वायर ओढायचीच नसेल तर लोराचा (लांब पल्ल्याच्या रेडिओचा) विचार कर, पण ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचं मॉड्यूल बघून घे, आपल्याकडे तो पट्टा विनापरवाना आहे. पेटीच्या झाकणाच्या आत जोडणीचा कागद चिकटव, मराठीत आणि कन्नडमध्येही, कारण तू कॉलेजला असताना वायरमन कोण येईल सांगता येत नाही.

आधी स्ट्रक्चर आणि ९६०० एवढंच बदल, तेही एकेक करून. मग वेटोळ्यातून काय येतं, दोन्ही टीएक्सवर मीटर किती दाखवतो आणि तुझा ईएसपी३२ नेमका कुठल्या जातीचा आहे, हे इथेच लिही. मॉड्यूल विकत घ्यायच्या आधी लिही.