स्पारिंगला जोड कशी निवडावी

प्रिय पोरी,

परवा तू विचारलंस, ‘सर, आपल्याकडे माझ्या वजनाची एकही मुलगी नाही, मग स्पारिंग, म्हणजे बॉक्सिंगची सरावाची लढत, कुणाशी करू?’ मी गडबडीत होतो, नीट उत्तर दिलं नाही. ते राहून गेलं म्हणून लिहितोय.

मुलांबरोबर कर. 2012 मध्ये लंडन ऑलिंपिकला महिला बॉक्सिंग पहिल्यांदा आलं, तेव्हा सगळ्यात हलका गट 51 किलोचा होता. मेरी कोमची तोवरची पाच जगज्जेतेपदं 45 ते 48 किलोतली. थोराड अंगाच्या मुलींशी गाठ पडणार म्हणून ती मुलांबरोबर स्पारिंग करत राहिली, आणि ब्राँझ घेऊन आली. जोड तुझ्याच मापाची हवी असा हट्ट नको. समजूतदार मात्र हवी.

घंटा वाजायच्या आधी ज्याच्याशी बोलता येतं, तो समजूतदार. ‘आज फक्त जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा. तीन मिनिटं. जोर निम्म्याहून कमी.’ एवढं तोंडाने ठरवूनच रिंगमध्ये जा. नुसत्या जॅबच्या राउंडला पोरं नाक मुरडतात, पण मला विचारशील तर निम्मं बॉक्सिंग तिथेच शिकून होतं. सरावाची टांगलेली बॅग उलटा ठोसा मारत नाही, समोरचा मारतो. तुझा डावा हात जॅब मारून हनुवटीपाशी यायच्या ऐवजी छातीपाशी रेंगाळतो, ते असा एखादा ठोसा खाल्ल्यावरच तुला पटेल.

आपल्याकडच्या त्या डावखुऱ्या मुलासमोर आठवड्यातून एकदा तरी उभी राहा. सुरुवातीला पायावर पाय पडतील, पडू देत. तुझं डावं पाऊल त्याच्या उजव्या पावलाच्या बाहेर ठेवायला शीक, म्हणजे तुझ्या उजव्या हाताला सरळ वाट मिळते. त्याच्यासाठी पॅडही, म्हणजे ठोसे झेलायची हातातली गादी, धर. पॅड धरताना त्याच्या खांद्याकडे बघ. ठोसा हातात दिसायच्या आधी खांद्यात दिसतो.

आता मनात घर करून बसलेली गोष्ट. तुझ्या वयाचा असताना सरावात माझ्या डोक्याला जबर फटका बसला. गरगरत होतं, तरी लाजेपोटी पुढचा राउंड खेळलो. नंतर आठवडाभर उजेड सहन होत नव्हता. थांब म्हणणारं तिथे कुणीच नव्हतं. हेडगार्डने कातडी फाटायची वाचते, आतला हादरा थांबत नाही. म्हणून 16 औंसचे ग्लोव्ह्ज आणि माउथगार्ड असूनही डोकं दुखलं, मळमळलं, अंधारी आली, तर लगेच हात वर कर. डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय पुन्हा स्पारिंग नाही. आणि समोरच्याची नजर हरवलेली दिसली तर राउंड तूच थांबव, माझ्या शिट्टीची वाट बघू नकोस.

सोमवारी सहाला ये, त्या डावखुऱ्या मुलालाही बोलावलंय. दोघांची ग्लोव्ह्जच्या आत गुंडाळायची बँडेज धुतलेली हवीत. ती एकमेकांच्या हाताला बांधा, तोवर राउंडचं काय ते ठरवून घ्या.

तुझे सर