कंपनी पुण्याहून लंडनला पाठवतेय. आरोग्याचे पैसे खरंच सगळे आधीच भरावे लागतात का? खाजगी विमा आहे, तो चालेल का?

हो, आधीच आणि एकरकमी. खाजगी विमा कितीही चांगला असला तरी सूट मिळत नाही.

ब्रिटनमध्ये याला हेल्थ सरचार्ज म्हणतात. ६ फेब्रुवारी २०२४ पासून तो मोठ्या माणसासाठी वर्षाला ६२४ वरून १,०३५ पाउंड झाला, १८ वर्षांखालच्या मुलांसाठी ७७६. जितक्या वर्षांचा व्हिसा, तितक्या वर्षांचे पैसे अर्जासोबतच. नवरा-बायको, एक मूल आणि तीन वर्षं धरा: ८,५३८ पाउंड. व्हिसाची फी वेगळीच! त्यामुळे ऑफर स्वीकारण्याआधी एचआरला स्पष्ट विचारा: कुटुंबाचा सरचार्ज कोण भरणार? कंपनीवर तशी सक्ती नाही, म्हणून उत्तर लेखीच घ्या. बरेच जण फक्त पगार बघतात आणि ऐनवेळी घरच्यांना मागे ठेवून एकटे जातात, याचं फार वाईट वाटतं.

डॉक्टर, नर्स वगैरेंच्या हेल्थ अँड केअर व्हिसाला हा सरचार्ज माफ आहे. व्हिसा नाकारला तर सरचार्ज परत मिळतो.

पगाराची अटही बघून घ्या. स्किल्ड वर्कर (कुशल कामगार) व्हिसासाठी २२ जुलै २०२५ पासून साधारण मर्यादा ४१,७०० पाउंड आहे, आणि तुमच्या कामाचा ठरलेला पगाराचा दर त्याहून जास्त असेल तर तो लागू होतो.

सरचार्ज भरल्यावर एनएचएसमध्ये, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत, डॉक्टर आणि हॉस्पिटल मोफत. दातांचे उपचार, चष्मा आणि इंग्लंडमध्ये औषधांच्या चिठ्ठीचे पैसे मात्र द्यावे लागतात. दातांचं काम राहिलं असेल तर इथूनच उरकून जा.