वडिलांचा १९६८ चा टाटा-मर्सिडीज ट्रक नाशिकमध्ये उभा आहे. केबिन आतून नवी करावी की मूळच ठेवावी?

आधी 'मूळ' काय ते ठरवा. टाटा आणि मर्सिडीजचा करार १९५४ ते १९६९ असा होता. त्या काळात बरेचसे ट्रक कंपनीतून काऊल-चेसिस म्हणूनच निघत. म्हणजे पुढचं तोंड, डॅशबोर्ड, मीटर, स्टिअरिंग, पेडल एवढं कंपनीचं. दारं, छत, सीट, देवाची फळी हे सगळं बॉडीवाल्या मिस्त्रीच्या हातचं. तुमचाही तसाच असेल तर कंपनीच्या भागांना हात लावू नका. मीटर बंद असले तर दुरुस्त करा, बदलू नका.

मिस्त्रीकामात मोकळीक आहे, पण लाकडी चौकट, हाताने रंगवलेली नक्षी शाबूत असेल तर मी तरी ती ठेवीनच. तसं काम करणारे हात आता सहज मिळत नाहीत. सीटचा फोम, रेक्झिन खुशाल नवं घ्या. कसारा घाट उतरायचा तर पाठीला आधार हवाच!

वायरिंग मात्र जुनं ठेवण्याचा हट्ट नको. इन्शुलेशन तडकलं की आग लागू शकते; फ्यूजसह नवं टाका. स्पीकर, चार्जर बसवताना मूळ पत्र्याला भोक पाडू नका, वेगळी पट्टी लावा. काढलेलं सामान भंगारात देऊ नका.

सीटची संख्या वाढवायची असेल तर आधी आरटीओत विचारा. नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणारा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये अडकतो.